काय लावलंय?

सकाळचे पावणेनऊ. वांद्रे-कुर्ला संकुलातला पाऊस नुकताच उघडलाय, तरी झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर टपटप थेंब पडतायत. आप्पा माझ्याकडून मोबाइल, मनगटावरचं घड्याळ, पर्स, छत्री असं एकेक मागून घेतात आणि खांद्यावरच्या खाकी पिशवीत ठेवतात. अमेरिकन वकिलातीत यातलं काहीच आत नेता येत नाही. माझ्या हातात उरते ती फक्त फाइल.

फाइल आप्पांनी लावलीय. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला कालवा निरीक्षक लावेल तशीच. डाव्या कोपऱ्यात पंच करून ओवलेला पांढरा टॅग, मधे पिवळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर निळ्या शाईतलं त्यांचं टपोरं अक्षर: ‘शिक्षण’, ‘नोकरी’, ‘पगार’, ‘मंजुरी’. सगळ्यात वर अनुक्रमणिका. एकूण ९४ पानं. काल रात्री चेंबूरला मावशीकडे झोपायच्या आधी त्यांनी ती दोनदा मोजली.

“पासपोर्ट वरच्या खणात,” ते सांगतात. “मंजुरीचा कागद त्याच्या खाली. मागितला की लगेच द्यायचा, हुडकत बसायचं नाही.”

“हो आप्पा.”

“आणि घाबरायचं नाही गं. खरं ते सांगायचं.”

काल जेवताना त्यांनी मला नमुना सातबद्दल सांगितलं. कालव्याला पाण्याची पाळी सुटायच्या आधी शेतकरी चौकीवर पाणी मागणीचा अर्ज घेऊन येतात, तो नमुना नंबर ७. गाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, सगळं त्यात भरायचं. “अर्ज सगळ्यांचे सारखेच दिसायचे,” आप्पा म्हणाले. “कितीदा तर एकानंच दहा जणांचे भरून दिलेले असायचे. म्हणून मी कागद हातात घ्यायच्या आधी माणसाच्या तोंडाकडं बघून विचारायचो, काय लावलंय? ज्यानं खरंच लावलंय तो लगेच सांगतो. सव्वा एकर शाळू, ओढ्याकडच्या तुकड्यात, आता पोटरीत आलाय. ज्यानं काहीच लावलेलं नाही, तो आधी कागदाकडं बघतो.”

मी मान हलवली होती. डोक्यात तेव्हा पाठ केलेली उत्तरंच फिरत होती.

रांग वेळेप्रमाणे लागते. कर्मचारी वेळ पुकारतोय, “साडेनऊवाले इकडे, दहावाले थांबा.” कुणी सूट घातलाय, कुणी लग्नाला निघाल्यासारखी साडी नेसलीय, बहुतेकांच्या छातीशी माझ्यासारखीच एकेक फाइल. पलीकडच्या फुटपाथवर सोबत आलेली माणसं उभी आहेत. रांगेतल्यांच्या सगळ्या वस्तू आता त्यांच्या ताब्यात. तिथं बसलेल्या एका बाईंच्या मांडीवर तीन मोबाइल आहेत. त्यातला एक वाजायला लागतो, तेव्हा कुणाचा आहे हे ओळखायला त्या तिन्ही उलटून बघतात. आप्पा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहतात. हात मागे बांधलेले. कालव्याच्या दारापाशी ते असेच उभे असायचे.

मी चार वर्षांनी घरी आलेय. २०२१ मध्ये टेक्ससला शिकायला गेले, दोन वर्षांत एम.एस. झालं आणि ह्यूस्टनमध्ये नोकरी लागली. शिक्षणानंतर काही काळ काम करायची मुभा असते, ती संपायच्या आत ‘एच-वन-बी’ हा नोकरीचा दर्जा मिळावा लागतो. वर्षाला जागा ८५ हजार. त्यातल्या ६५ हजार सर्वांसाठी आणि २० हजार अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी. २०२४ च्या मार्चमध्ये त्या जागांसाठी ४ लाख ७० हजार पात्र नोंदी होत्या. इतक्यांतून सोडत निघाली. माझं नाव पहिल्या वर्षी आलं नव्हतं, त्या वर्षी आलं. १ ऑक्टोबरपासून माझा दर्जा बदलला, कामही तेच चालू राहिलं. पण तिथं राहायची परवानगी वेगळी आणि बाहेरून तिथं शिरायची परवानगी वेगळी. देशाबाहेर पाऊल टाकलं की परत जाताना पासपोर्टवर नव्या दर्जाचा व्हिसा लागतो आणि तो इथून घ्यावा लागतो. २०२४ मध्ये माझ्यासारख्या कितीतरी जणांचं नुसते कागद टाकून भागायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत नियम कडक झाले, आता खिडकीसमोर उभं राहायचंच. तिकडं भाड्याचं घर आहे, अर्धवट टाकून आलेलं काम आहे, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी शेजारणीकडे आहे. हे सगळं या एका खिडकीवर टांगलेलं आहे, हे रात्रीपासून मनातून जात नाही.

“बाय, पहिलीच खेप काय गो?”

मागे वळून बघते. पन्नाशीला टेकलेला, रापलेल्या चेहऱ्याचा माणूस. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. त्याच्या हातात फाइल नाही, पारदर्शक पाकीट आहे, त्यात पासपोर्ट, खलाशाच्या नोकरीच्या नोंदींचं सीडीसी पुस्तक आणि एक पत्र. इतकंच. मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा जुना, गुळगुळीत झालेला डाग आहे.

“दुसरी,” मी म्हणते. “पहिल्यांदा शिक्षणासाठी आले होते.”

“मी हर्णैचा. बोटीवर असतो. माझी ही चौथी.” तो इमारतीकडे बघतो. “पहिल्या खेपेला ऑफिस हितं नव्हता. तिकडं ब्रीच कँडीला होता, लिंकन हाऊसला. दर्याच्या बाजूला. पावसात रस्त्यावर रांग. आमचे गावचे पाच जण होतो.”

वकिलात इथं २०११ च्या नोव्हेंबरात आली. त्याआधीच्या पिढ्यांची, शिकायला जाणाऱ्यांची, लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्यांची, बोटीवर जाणाऱ्यांची रांग तिथंच लागायची. हर्णैच्या या काकांना खलाशांचा व्हिसा हवाय. बोट ज्या बंदरातून सुटणार तिथवर विमानानं जायचं आणि तिथं बोटीवर चढायचं, यासाठीचा. मायामीला साइन ऑन आहे. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. धाकटीचं लग्न वैशाखात करून आता निघालेत.

“हितं काय विचारतील ता ठरलेला,” ते सांगतात. “काय काम करतोस? येवढाच. बाकी सगळा त्यांच्या कॉम्प्युटरवर असतोच.” मग सहज विचारतात, “तू काय करतेस गो?”

“हायड्रॉलिक मॉडेलिंग.”

ते मान डोलावतात, आदरानं, पण त्यांना काही कळलेलं नाही हे मला दिसतं. “म्हंजे?”

मी सांगायला तोंड उघडते तेवढ्यात रांग पुढे सरकते. पासपोर्ट बघणाऱ्या बाई माझं नाव विचारतात, अर्जाच्या कन्फर्मेशनच्या पानावरचा बारकोड तपासतात, पासपोर्टच्या मागच्या बाजूला एक स्टिकर चिकटवतात. हर्णैच्या काकांचा तो प्रश्न तसाच राहतो.

सुरक्षा तपासणीच्या दारातून आत जाताना एकदा मागे बघते. आप्पा फुटपाथवर आहेत. हात वर करत नाहीत, फक्त मान किंचित खाली करतात.

आत पुन्हा बोटांचे ठसे. शुक्रवारी दुसऱ्या केंद्रावर दहा बोटांचे ठसे आणि फोटो दिले होते, आता ते जुळवून बघतात. आधी डाव्या हाताची चार, मग उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. माझ्या पुढच्या आजींचा ठसा काचेवर उमटत नाही. आयुष्यभर भांडी घासून, शेणानं सारवून बोटांवरच्या रेघा झिजल्यात. कर्मचारी त्यांना कपाळावर बोटं फिरवायला सांगतो. तेलकटपणा लागला की ठसा येतो. आजी कपाळ पुसल्यासारखं करतात, पुन्हा बोटं टेकवतात. येतो.

मग एखाद्या मोठ्या बँकेच्या शाखेसारखा हॉल. ओळीनं खिडक्या, प्रत्येकीला जाड काच, काचेखाली कागद सरकवायला फट, बोलायला मायक्रोफोन. काचेपलीकडचा अधिकारी माइकवर बोलतो, त्यामुळे रांगेत पुढे असलेल्यांना बरंच ऐकू येतं. इथं कुजबुज आहे पण गोंगाट नाही. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तशी माणसं बसलीत.

मोबाइल नाही, घड्याळ नाही, वाचायला फक्त फाइल. मी ‘नोकरी’ची पट्टी उघडते आणि पाठ केलेलं वाक्य पुन्हा मनात म्हणते. ते कंपनीच्या वकिलानं लिहून दिलेलं आहे. जलशास्त्रीय व जलगतिकीय विश्लेषण, पूरमैदान रेखांकन, जोखमीचं मूल्यमापन. सगळं खरं आहे. तरी हर्णैच्या काकांचं ‘म्हंजे?’ कानात राहिलंय.

म्हणजे काय, ते मला चांगलं माहीत आहे. २०१९ चा ऑगस्ट. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमचं घर कर्नाळ रोडला. कृष्णेवर १९२९ पासून उभ्या असलेल्या आयर्विन पुलाची पट्टी हे आमच्याकडे पावसाळ्यातलं पंचांग. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. लहानपणापासून शेजारी भेटले की ‘जेवलात का’च्या आधी ‘आयर्विनला किती?’ विचारतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. २००५ चा पूर बघितलेली म्हातारी माणसं शपथेवर सांगत होती की त्या रेषेच्या वर पाणी येणारच नाही. त्या रेषेच्या भरवशावर आम्ही धान्याची कोठी, आईचं शिलाई मशिन, माझी पुस्तकं उंचावर ठेवून माडीवर गेलो. पाणी त्या रेषेवर थांबलं नाही. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना सुरक्षित जागी घेऊन निघालेली नाव उलटली. माडीच्या खिडकीतून आम्ही खाली चॉकलेटी पाणी बघत होतो आणि रेडिओवर ती बातमी लागली. आई घास तसाच ताटात ठेवून उठली.

पाणी ओसरल्यावर आप्पांनी स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, गाळाची रेघ होती तिथं लाल ऑइल पेंटनं पट्टा मारला. तारीख घातली. पट्टीनं जमिनीपासून मोजलं आणि उंचीही लिहिली, सात फूट एक इंच. भिंतीला पुढं दोनदा रंग दिला, पण तो पट्टा रंगाऱ्याला झाकू दिला नाही. मी पूर मोजायचं हे काम शिकायचं ठरवलं त्याचं कारण तो पट्टा आहे. पाणी येऊन गेल्यावर भिंतीवर ओढलेली रेघ, पाणी यायच्या आधी नकाशावर ओढता आली पाहिजे. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी तयार केलेली एक संगणक प्रणाली आहे, हेक-रास. ती जगात कुणालाही फुकट वापरता येते. नदीचं पात्र, काठाची उंची, पूल, मोऱ्या, पावसाचा अंदाज त्यात भरला की पाणी कुठून कुठं पसरेल ते दिसतं. मी तिच्यावर पहिल्यांदा कृष्णाच घातली, आयर्विन पुलासकट. कॉलेजच्या लॅबमध्ये पडद्यावर निळा रंग हळूहळू पसरत आमच्या गल्लीत शिरला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

ह्यूस्टन सांगलीपेक्षा सपाट. जमीन चिकणमातीची, पाणी मुरत नाही, आणि शहरभर संथ वाहणारे नाले, त्यांना तिकडं बायू म्हणतात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळ येऊन तिथंच रेंगाळलं. टेक्ससच्या नेदरलँड गावाजवळ ६० इंचांवर पाऊस झाला. १९४० च्या दशकात शहराला वाचवायला बांधलेली अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही दोन धरणं इतकी भरली की त्यांच्या फुगवट्यात बांधलेल्या घरांतच पाणी शिरलं, आणि पाणी सोडलं तेव्हा खालच्या बाजूची घरं बुडाली. वादळानंतर पावसाचे जुने आकडे पुन्हा मोजले. शंभर वर्षांतला म्हणून जो चोवीस तासांचा पाऊस १३ इंच धरत होते, तो १८ च्या आसपास निघाला. ‘शंभर वर्षांतला’ हा शब्द फसवा आहे. तो एकदा आला म्हणजे पुढची ९९ वर्षं निवांत, असं लोकांना वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की दर वर्षी तो यायची शक्यता शंभरात एक. या वर्षी येऊन पुढच्या वर्षीही येऊ शकतो. कर्नाळ रोडला हे सांगायला कुणी नव्हतं.

आणि मी आत्ता बसलेय ती जागासुद्धा पाण्याचीच. हे सगळं संकुल मिठी नदीकाठच्या दलदलीत भराव घालून उभं राहिलंय. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही जेमतेम अठरा किलोमीटरांची नदी इथून माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. परवाच्या शनिवारी त्याला बरोबर वीस वर्षं झाली.

नंबर पुकारतात. रांग खिडकीकडे सरकते.

ठशाच्या आजी पहिल्या. लेकीकडे चाललेत, तिला दिवस गेलेत. शेजारी दुभाषी बाई उभी आहे. अधिकारी इंग्रजीत विचारतो, ती मराठीत सांगते, “आजी, तिकडं जाऊन तुम्ही काय करणार?” आजी दुभाष्या बाईकडे न बघता काचेपलीकडच्या माणसाकडे बघतात. “बाळंतीण आहे. डिंकाचे लाडू करीन, बाळाला न्हाऊ घालीन, सव्वा महिना झाला की येईन. घरी म्हैस आहे.” दुभाषी बाई भाषांतर करते. अधिकारी पासपोर्ट ठेवून घेतो. आजींना कळत नाही काय झालं ते. “झालं आजी, मिळाला,” असं दुभाषी बाई सांगते तेव्हा त्या पदर डोळ्यांना लावतात.

पुढं एक तरुण. माझ्याच वयाचा. कानावर पडतं त्यावरून तो नागपूरचा असावा. त्याची कंपनी त्याला दुसऱ्या कंपनीच्या कामावर पाठवते. अधिकारी विचारतो, “तुम्ही प्रत्यक्ष कुणासाठी काम करणार?” तो नाव सांगतो. “तिथं काय करणार?” तो घाईनं फाइल उघडतो, पानं चाळतो. अधिकारी त्या दुसऱ्या कंपनीचं पत्र मागतो. ते त्याच्या फाइलमध्ये नाही. त्याच्या कंपनीनं त्याला दिलेलं नाही. फटीतून एक छापील कागद बाहेर येतो, त्यावर २२१-जी असं कलम लिहिलेलं. हा कायमचा नकार नाही, कागद आणून द्या मग बघू, असा त्याचा अर्थ. पण ‘मग’ कधी हे कुणालाच सांगता येत नाही. तो पोरगा “थँक यू सर” म्हणतो, दोनदा म्हणतो, आणि माझ्या शेजारून जाताना त्याच्या हातातला कागद थरथरताना मला दिसतो. त्याची यात काहीच चूक नाही. ज्यांनी ते पत्र द्यायला हवं होतं ते इथं रांगेत उभे नाहीत. थांबून त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटतं. पण रांग सरकलेली असते.

आता हर्णैचे काका. शेजारच्या खिडकीशी. पाठ ताठ, पाकीट फटीतून आत. अधिकारी सीडीसीचं पुस्तक चाळतो, शिक्के बघतो.

“व्हॉट इज युवर जॉब ऑन द शिप?”

“सर, आय मेक ब्रेकफास्ट,” काका म्हणतात. इंग्रजी कोकणी वळणाचं, पण एकेक शब्द लख्ख. “फोर थाउजंड पीपल. आय स्टार्ट थ्री ओ’क्लॉक नाइट. सिक्स ओ’क्लॉक, एव्हरीथिंग हॉट.”

अधिकारी हसतो. आणखी एकच प्रश्न विचारतो, बोट कुठून पकडणार. मग पासपोर्ट बाजूला ठेवतो. काका वळतात, माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘जा’ म्हणतात. मला त्यांच्या मनगटावरचा तो डाग पुन्हा दिसतो. पहाटे तीनला पेटलेली भट्टी, चार हजार माणसांची न्याहारी, इतकी वर्षं, असं सगळं त्या चार वाक्यांत बसलंय.

“नेक्स्ट.”

काचेपलीकडे माझ्याहून थोडी मोठी अधिकारी बाई. चष्मा, केस मागे बांधलेले. ती प्रसन्नपणे “गुड मॉर्निंग” म्हणते. मी पासपोर्ट सरकवते, मग मंजुरीचा कागद, आप्पांनी सांगितलं तसा, न हुडकता. ती कीबोर्डवर काहीतरी टंकते.

“कुठल्या कंपनीत?”

सांगते.

“किती दिवस झाले?”

“दोन वर्षं.”

“तुम्ही काय काम करता?”

पाठ केलेलं वाक्य जिभेवर येतं. मी सुरुवातही करते, “आय परफॉर्म हायड्रोलॉजिक अँड हायड्रॉलिक अ‍ॅनालिसिस फॉर...” आणि पुढचा शब्द आठवेना म्हणून माझी नजर खाली जाते. हातातल्या फाइलकडे. पिवळ्या पट्टीवरचं ‘नोकरी’ हे निळं अक्षर दिसतं.

ज्यानं काहीच लावलेलं नाही, तो आधी कागदाकडं बघतो.

मी मान वर करते. फाइल बंद करून काचेखालच्या फळीवर ठेवते.

“पूर आला तर पाणी कुठं चढेल ते मी आधी सांगते,” मी म्हणते. हे मी इंग्रजीतच म्हणते, पण मनात ते मराठीत तयार होतंय, त्यामुळे अडखळत नाही. “पाऊस किती पडला की कुठल्या गल्लीत, कुठल्या घरात किती इंच पाणी येईल, ते मोजते आणि नकाशावर काढते. तो नकाशा बघून नवीन घराचं जोतं किती उंच घ्यायचं ते ठरवतात. जुन्या घरातल्या माणसांना कधी बाहेर काढायचं तेही त्यावरून ठरतं.”

ती टंकायची थांबते. “या कामाकडे कशा वळलात?”

“आमच्या गावाला नदीचा पूर येतो. २०१९ साली आमच्या घरात सात फूट पाणी होतं. कुणी आधी सांगितलं असतं तर आईचं शिलाई मशिन वाचलं असतं. माणसंही वाचली असती.”

ती क्षणभर माझ्याकडे बघते. मग पगार विचारते, तो सांगते. कुठं शिकलात विचारते, ते सांगते. बोटं पुन्हा कीबोर्डवर फिरतात. माझा श्वास छातीत अडकलेला आहे, कानात रक्त वाजतंय, पण पायाखालची फरशी मात्र घट्ट लागतेय.

“युवर व्हिसा इज अप्रूव्ह्ड,” ती म्हणते. मंजुरीचा कागद फटीतून परत येतो, पासपोर्ट आत राहतो. “गुड लक विथ द वॉटर.”

सगळं मिळून तीन-चार मिनिटं झाली असतील.

बाहेर येते तेव्हा आभाळ पुन्हा भरून आलेलं आहे. नागपूरचा तरुण गेटपासून थोडा दूर उभा आहे, कुणाचा तरी मोबाइल मागून घरी बोलतोय. “नाही आई, नाही म्हटलं नाही त्यांनी. फक्त एक पत्र पाहिजे,” तो समजावतोय. मी त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबते. माझ्या एका सहकाऱ्याला असाच कागद मिळाला होता आणि पत्र दिल्यावर काही आठवड्यांत काम झालं होतं, ते त्याला सांगते. तो नीट ऐकून घेतो. “पत्रात काय काय पाहिजे ते माहीत आहे का ताई?” विचारतो. मला माहीत असलेलं सगळं मी त्याला सांगते, तो ते त्याच छापील कागदाच्या पाठीमागं लिहून घेतो.

फुटपाथवर आप्पा नाहीत. तीन मोबाइलवाल्या बाई अजून बसल्यात. “ते ना? तिकडं नाल्याकडं गेलेत,” त्या हात करतात. “तुम्ही आलात की तिकडं पाठवा, असं सांगून गेलेत मला.”

कठड्याशी आप्पा उभे आहेत. हात मागे बांधलेले, खांद्याला माझी सगळी चीजवस्तू असलेली खाकी पिशवी. खाली काळपट पाणी आहे, त्यावर प्लॅस्टिक तरंगतंय आणि ते उलट्या दिशेनं, आतल्या बाजूला सरकतंय. मी शेजारी जाऊन उभी राहते, तेव्हा ते माझ्याकडे न बघताच बोलायला लागतात.

“भरती लागलीय. त्या खांबावर मघाशी शेवाळाची रेघ दिसत होती, आता बुडाली. अजून तीन तास चढत राहील.” मग वळतात. चेहरा बघतात. “झालं?”

“झालं. पासपोर्ट ठेवून घेतलाय, देतील आठवड्यात.”

ते एकदा डोळे मिटतात, उघडतात. फाइल माझ्या हातातून घेतात. टॅगची गाठ तशीच आहे, पट्ट्या तशाच.

“उघडलीच नाही?”

“एकच कागद मागितला.”

“मग विचारलं काय?”

“काय लावलंय, ते.”

आप्पा काही बोलत नाहीत. फाइल पिशवीत सरळ बसेपर्यंत दोनदा काढून घालतात. मग माझा मोबाइल, घड्याळ, पर्स, छत्री एकेक करून परत देतात. छत्री हातात येते न येते तोच पहिले टपोरे थेंब पडतात. पाण्यावर वर्तुळं उमटायला लागतात.

“भरती असताना हा असाच धरून राहिला तर?” ते विचारतात. बत्तीस वर्षं पाण्याच्या काठावर काढलेला माणूस हे मला विचारतोय, आणि त्यांना उत्तर खरंच हवंय.

मी पलीकडची भिंत, तिच्यातल्या पायऱ्या बघते. नाल्याची रुंदी अंदाजते, वरून येणारं पाणी, समोरून चढणारी भरती, मधे कुठंच जायला जागा नसलेला पाऊस.

“ती चौथी पायरी दिसते का?” मी बोट दाखवते. “तिथवर येईल. तासाभरात.”

आप्पा पायऱ्या मोजतात. एक, दोन, तीन, चार. मग छत्रीखाली येऊन पुन्हा हात मागे बांधतात, आणि आम्ही दोघं त्या पायरीकडे बघत थोडा वेळ तिथंच थांबतो.